ग्रोथ स्कॅनमधल्या वजनाबद्दल

गरोदरपणाच्या ३२व्या आठवड्यातल्या ग्रोथ स्कॅनमध्ये (बाळाची वाढ मोजणारी सोनोग्राफी) बाळाच्या पोटाचा घेर दोन आठवडे मागे आला म्हणून तुम्ही घाबरला आहात, ते अगदी समजू शकते. पण एक लक्षात घ्या, रिपोर्टमधलं वजन हा अंदाज असतो. डोकं, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड मोजून सूत्राने तो काढतात. १०-१५ टक्के इकडेतिकडे सहज होतो. माझ्या वेळी बाळ पाठ करून होतं, तर डॉक्टरांनी पोट तीनदा मोजलं आणि तिन्ही आकडे वेगळे आले!

मात्र पोटाचा घेर दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. बाळाला पोषण कमी पडलं तर यकृतातला साठा घटतो आणि आधी पोटच मागे पडतं, डोकं बराच काळ नीट वाढतं. म्हणून नाळेचा डॉप्लर (नाळेतला रक्तप्रवाह तपासणारी सोनोग्राफी) आणि गर्भजल कसं आहे ते नक्की विचारा. पुढचं स्कॅन सहसा दोन आठवड्यांच्या आत करून वाढ नीट कळत नाही, डॉप्लर मात्र गरजेप्रमाणे लवकर करतात.

आणि हो, या स्कॅनवरून प्रसूतीची तारीख बदलू नका, पहिल्या तिमाहीतलीच धरा. बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र स्कॅनची वाट न पाहता लगेच दवाखान्यात जा.