'सक्रिय' की 'सक्रियित'? एका माहितीपत्रकात अडलेला शब्द

प्रश्न : पुण्यातील एका संशोधन प्रकल्पासाठी रुग्णांना द्यावयाच्या माहितीपत्रकाचे मी मराठी भाषांतर करीत आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या ऊतीमध्ये रक्तवाहिन्यांच्या वाढीचे 'अ‍ॅक्टिव्हेटेड रिसेप्टर', म्हणजे पेशीवरची, बाहेरून आलेला संदेश पकडणारी प्रथिने, शोधले जाणार आहेत. 'रिसेप्टर'साठी 'ग्राहक' लिहिले, तर लक्ष्मी रस्त्यावरच्या वाचकाला दुकानच आठवेल, म्हणून मी 'ग्राही' घेतला आहे. 'अ‍ॅक्टिव्हेटेड'साठी मात्र 'सक्रिय', 'सक्रियित' आणि 'जागृत' यांपैकी कोणता शब्द घ्यावा, हे ठरत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : 'ग्राही' योग्यच आहे. पुढचा शब्द ठरवण्याआधी पेशीत काय घडते ते पाहावे लागेल. रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशींवर केडीआर नावाचा ग्राही असतो. व्हीईजीएफ हे प्रथिन त्याला येऊन चिकटले, की दोन ग्राही एकमेकांशी जोडले जातात आणि पेशीच्या आतल्या बाजूस त्यांच्यातील टायरोसिन या अमिनो आम्लाच्या ठरावीक जागांवर, उदाहरणार्थ ११७५ क्रमांकाच्या टायरोसिनवर, फॉस्फेट बसते; ग्राही कामाला लागल्याची हीच खूण. म्हणजे ग्राही तिथे आधीपासून असतो, पण त्याला कामाला लावणारा बाहेरून येतो. 'सक्रिय कार्यकर्ता' म्हणताना आपण त्याची वृत्ती सांगतो. 'सक्रियित' या रूपात मात्र कोणीतरी ती क्रिया घडवली, हे सांगितले जाते, आणि इथे नेमके तेच सांगायचे आहे. 'जागृत' सुटसुटीत आहे खरा, पण मराठीत तो देवस्थानाला इतका चिकटला आहे की इथे घेऊ नये.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. मी विकृतिशास्त्राच्या (पॅथॉलॉजीच्या) प्रयोगशाळेत काम करतो. सीडी३१ या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड लावलेल्या स्लाइडवर झाडून साऱ्या रक्तवाहिन्यांच्या कडा तपकिरी होतात. त्याच ऊतीच्या मेणात बसवलेल्या ब्लॉकच्या पुढच्या कापावर फॉस्फेटयुक्त केडीआर ओळखणारे प्रतिपिंड लावले, की पुष्कळदा त्यांतल्या थोड्याच तपकिरी उरतात आणि बाकीच्या ठिकाणी केंद्रकांचा निळा रंग तेवढा दिसतो. या दोन स्लाइडींतील फरक शब्दात उतरला नाही, तर 'ग्राही आढळले' एवढ्या वाक्यावरून रुग्णाने काय समजावे?

पूरक (दुसऱ्या जाणकाराकडून) : 'अँजिओजेनेसिस'साठी 'रक्तवाहिनीजनन' हा शब्द बरोबर आहे, पण माहितीपत्रकात मी 'रक्तवाहिन्यांना फुटणारे नवे फुटवे' असे लिहीन. असलेल्या वाहिनीतूनच नवी फुटते, उसाच्या बुडख्याला फुटवा येतो तशी, आणि हे ग्रामीण भागातून पुण्याला उपचारासाठी येणाऱ्याला न समजावता कळेल. असे फुटवे जखम भरताना आणि मासिक पाळीच्या चक्रात गर्भाशयाच्या अस्तरातही येतात, म्हणून त्यांचा उल्लेख केवळ कर्करोगाशी जोडू नये, ही विनंती.

प्रश्नकर्ती : आपणा दोघांचेही मनापासून आभार. मसुदा असा केला आहे : 'रक्तवाहिन्यांना नवे फुटवे आणणारे ग्राही आपल्या गाठीत सक्रियित झालेले, म्हणजे कामाला लागलेले, आहेत का, हे तपासले जाईल.'

उत्तर : वाक्य उत्तम आहे. त्यापुढे एक ओळ अवश्य जोडावी : 'तपासणीत ते दिसले नाहीत, म्हणजे ते नव्हतेच, असे ठरत नाही.' ऊती फॉर्मॅलिनमध्ये ठेवायला उशीर झाला, तर पेशीतील विकरे (एन्झाइम) ते फॉस्फेट काढून टाकतात आणि ग्राही जागच्या जागी असूनही त्याची खूण पुसली जाते.