मदत हवी आहे : फोर लो टाकताना खर्रर्र आवाज येतो, लिव्हर अडतो

नमस्कार मंडळी, मंडणगडच्या बाजूला आमची कलमांची बाग आहे, वर जायचा रस्ता म्हणजे जांभ्याची खडी चढण, पावसात शेवाळ, तांबडा चिखल आणि मधे दोन आवळ वळणं. खताच्या गोण्या वर न्यायच्यात. गाडी सेकंडहँड, डिझेल मॅन्युअल, फोर बाय फोरचा (चारही चाकांना ताकद देणारा) लिव्हर वेगळा. फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) व्यवस्थित पडतो, पण फोर लोला (चारही चाकं, वेग कमी पण जोर जास्त) गेलं की कधी खर्रर्र होतं तर कधी लिव्हर मधेच अडतो, गाडी उभी असते, क्लच दाबलेला, गिअर न्यूट्रल, तरीही. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो जोरात झटका द्या, मला ते अजिबात पटत नाही, आत काही तुटलं तर? शिवाय वर पोचल्यावर परत टूएचला (दोनच चाकांच्या ताकदीवर) येताना लिव्हर जाम होतो तो वेगळाच. आणि चढ लागल्यावर फोर लो टाकायचा की खालीच टाकून निघायचं? शेजारी वडील बसलेले असतात त्यामुळे खरंच काळजी वाटते, कृपया ज्यांनी वापरलाय त्यांनी नीट सांगा.

प्रतिसाद १ :
दादा, झटका देऊ नका. लो रेंजला बहुतेक गाड्यांत सिंक्रो (दात जुळण्याआधी दोन्हीकडचा वेग सारखा करणारा भाग) नसतो, त्यामुळे आतलं काही फिरत असेल तर खर्रर्र होणारच. क्लच पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग लिव्हर एका दमात पण हलक्या हाताने न्या. अडला तर दातासमोर दात आलाय एवढंच, फोर हायला परत या, पहिल्या गिअरवर गाडी वीतभर पुढे घ्या, थांबा, परत करा.

आणि हे खालीच, सपाटीवर करा, चढावर कधीच नाही!! हाय आणि लोच्या मधे ट्रान्स्फर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीचा) न्यूट्रल लागतो, तिथे इंजिन-गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटतो, गाडी गिअरमधे असली (ऑटोमॅटिक असेल तर पी मधे असली) तरी घरंगळते. पाय ब्रेकवर, हँडब्रेक ओढलेला, मगच लिव्हरला हात.

जाम होतो त्याचं कारण वळणं. अशा गाड्यांत सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतं, वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि तो ताण शाफ्टमधे साठत जातो. चिखलात चाक थोडं घसरतं म्हणून सुटतो, कातळावर नाही सुटत. वर पोचलात की चार-पाच मीटर सरळ रिव्हर्स घ्या, लिव्हर आपोआप मोकळा होईल. डांबरीवर फोर बाय फोरमधे वळवू नका.

प्रतिसाद २ :
वरच्यांशी सहमत. आमच्याकडे मारुतीची जिम्नी आहे, तिला टूएचवरून फोरएच (फोर हाय) सरळ रस्त्यावर ताशी १०० किमीच्या आत चालत्या गाडीत टाकता येतो, पण फोर लोला मात्र थांबावंच लागतं, त्यामुळे तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघाच. उतरताना फोर लो, पहिला गिअर आणि क्लचवरून पाय पूर्ण काढा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक हलका. क्लच दाबलात तर गाडी सुटते.

मूळ धागाकर्ता :
खूप आभार दोघांचे. रिव्हर्सचं कोणीच सांगितलं नव्हतं. एक राहिलं, क्लच दाबून थांबूनही खर्रर्र आलंच तर?

प्रतिसाद १ :
मग क्लचच पूर्ण सुटत नसेल. इंजिन चालू, गाडी उभी, क्लच दाबून साधा रिव्हर्स टाकून बघा, थोडं थांबूनही तिथेसुद्धा खर्रर्र होत असेल तर आधी क्लचचं काम करून घ्या, आणि ट्रान्स्फर केसचं ऑइल वेगळं असतं, जुन्या गाडीत ते बदलायचं हमखास राहून जातं, तेही बघायला सांगा. गोण्या त्यानंतरच भरा.