प्रतिसाद : आंग्रे 'चाचे' कसे?

आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या इंग्रजी बालपुस्तकात कान्होजी आंग्र्यांना चाचा (समुद्री लुटारू) म्हटलंय, याचं मूळ लेखात आश्चर्य व्यक्त झालंय. मला नाही वाटलं. त्याच पठडीतलं एक पुस्तक मी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून उचललं होतं. कसरीने कडा कुरतडलेल्या, नकाशावर पातळ झिरझिरीत कागद, आत कुणा मुलाला मिळालेल्या बक्षिसाची चिठ्ठी. नकाशात अर्धं जग गुलाबी, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचं.

आता गंमत बघा. 'आमचा परवाना घ्या, नाहीतर जहाज जप्त' हा प्रकार आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी आणला, कार्ताझ म्हणून. आंग्र्यांनी स्वतःचं दस्तक मागायला सुरुवात केली, तर ते चाचे! पोर्तुगीज मात्र 'धाडसी दर्यावर्दी'.

मुंबई तर माझ्या पुस्तकात एका ओळीत उरकलीय : इंग्लंडच्या राजाला पोर्तुगीजांकडून हुंड्यात मिळाली. तह १६६१चा खरा, पण इथले पोर्तुगीज बेट सोडायलाच तयार नव्हते; ताबा मिळाला १६६५मध्ये. मग १६६८ला राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, वर्षाला १० पौंड भाड्याने. (आज त्यात गिरगावात पार्किंगही मिळायचं नाही.)

आणि पुस्तकात ज्या ब्रिटिश आरमाराचं एवढं कौतुक, त्यातली काही जहाजं आपल्याच मुंबईच्या गोदीत, जहाजं बांधणाऱ्या पारशी वाडिया घराण्याच्या हाताखाली, सागवानात बांधलेली. १८१७चं 'त्रिंकोमाली' अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. पुस्तकात वाडियांचं नावही नाही.

तुमच्या प्रतीत १७३९मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेली वसई आहे का? माझ्यातून चिमाजी अप्पा साफ गायब आहेत.