बाबांनी कधी हात उगारला नाही. मग त्याला हिंसा म्हणायचं का?

ऐरोलीकर: परवा मी बोलून गेलो की आमच्या घरात हिंसा होती. मामा उसळले, "तुझ्या बापानं कधी बोट तरी लावलं का?" नाही लावलं. आई ठाण्याला माहेरी निघाली की बाबा जाऊन-येऊन बसभाडं मोजून द्यायचे आणि रात्री दोन्ही तिकिटं मागायचे. फोनच्या डायलला बारकं कुलूप, किल्ली त्यांच्या पाकिटात. मी आठ वर्षांचा. जेवताना मला प्रश्न, "आज कोण आलेलं? आई कितीला परतली?" मी खरं सांगायचो, शहाणा मुलगा ना! एकदा सांगितलं, आईनं शेजारच्या काकूंकडून फोन केला. काकूंकडे जाणं बंद. पुढे अकरा दिवस आईशी अबोला, निरोप माझ्यामार्फत. "तिला सांग, आमटी खारट झालीय." आई समोरच बसलेली.

अशा घरातलं मूल नुसतं बघत नसतं, त्याला कामाला जुंपलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच.

नौपाड्याचे काका: अहो, पगार केवढे होते तेव्हा! कुलूप आमच्याकडेही होतं, एसटीडीच्या बिलानं धडकी भरायची. हिशोब मागितला की हिंसा? बाप म्हातारा झाला की पोरांना हे शब्द सुचतात.

ऐरोलीकर: कुलपाचं मान्य, काका. पण बाबांच्या सिगारेटी घरच्या हिशोबाच्या वहीत कधी आल्या नाहीत. आणि 2004 ला ठाणे-वाशी लोकल सुरू झाली, तेव्हा मी म्हटलं आईचा पास काढू, स्वस्त पडेल. नको म्हणाले. पासावरून कुठल्या दिवशी गेली ते कळत नाही.

सुवर्णा, वाशी: पैसे वाचत असून पास नको, म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हताच. आपल्या 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम 3 खाली भावनिक आणि आर्थिक छळही येतो, मार लागतोच असं नाही. पण त्यात पीडित व्यक्ती म्हणजे स्त्री. इंग्लंड-वेल्समध्ये अशी सततची जरब 2015 च्या कायद्यानं गुन्हा ठरली आणि 2021 च्या कायद्यानं हे सगळं बघणारं-ऐकणारं मूलही पीडित मानलं.

तिरकस: कायदे राहू द्या. आई शिकलेली होती ना? मग निघून का नाही गेली?

सुवर्णा, वाशी: बसचं तिकीट दाखवावं लागणारी बाई वकिलाकडे कुठल्या तिकिटावर जाणार होती?

नौपाड्याचे काका: पासाची गोष्ट निराळी, ती पटली. तरी बापाशी बोलणं टाकू नकोस बाबा.

ऐरोलीकर: टाकलेलं नाही. दोघं आता ठाण्यात असतात, मी दर रविवारी जातो. बाबांना हल्ली आकडे नीट दिसत नाहीत. आई गावदेवी मार्केटातून आली की पिशवी ठेवायच्या आधी भाव म्हणून दाखवते. मेथी वीस, टोमॅटो तीस. त्यांनी विचारलेलंही नसतं.