मदत हवी आहे: व्हॅनचा बीसीएम बदलला, आता गाडी स्टार्टच होत नाही

मालीम_व्हॅनवाला
मंडळी, कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा. व्हॅनचा बीसीएम (दिवे, वायपर, लॉक सांभाळणारा कंट्रोल बॉक्स) गेला म्हणून बदलला, सगळे प्लग जसेच्या तसे बसवले, आता इंडिकेटर लागतात हॉर्न वाजतो पण गाडी स्टार्ट होत नाही. सेल्फ फिरतो, फिरतच राहतो. पावसाळी बंदी उठून १ ऑगस्टला मासेमारी सुरू होते, पहिल्या दिवशी पहाटे जेटीवर गाडी लागायलाच हवी, आठ दिवस राहिलेत. काय राहिलं असेल?

फोंड्याचा_वायरमन
कुठल्या सालची गाडी? डिझेल की पेट्रोल? बीसीएम गेला हे कोणी ठरवलं, कशावरून? लावलेला नवा आहे की काढलेला? एवढं सांगितल्याशिवाय काय सांगणार बाबा.

डिचोली_दत्ता
डिझेल असेल तर दोन महिने उभी राहून लाइनमध्ये हवा धरली असणार. फिल्टरवरचा पंप दाबून हवा काढ, माझ्या टेम्पोचं दरवर्षी हेच होतं.

मालीम_व्हॅनवाला
डिझेल, २०१८, बीएस ४. हवेचा प्रश्न नाही, बदलायच्या आधी अर्ध्या सेल्फला स्टार्ट व्हायची. वायपर बंद होत नव्हता, इंडिकेटर कधीही लागायचे, दाराचं लॉक आपोआप पडायचं आणि सकाळी बॅटरी डाऊन. मेकॅनिक म्हणाला बीसीएम. १ जूनपासून गाडी घरासमोर आंब्याखाली उभी आहे, चालवलीच नाही तर बिघडली कशी तेच कळत नाही.

फोंड्याचा_वायरमन
आणि नवा की जुना ते अजून सांगितलं नाहीस. डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकतो का?

मालीम_व्हॅनवाला
जुना. बेळगावहून बसने मागवला, सेम गाडीचा. दिवा लुकलुकतो हो, त्याचा काय संबंध?

फोंड्याचा_वायरमन
सगळा संबंध तिथेच आहे. तुझ्या किल्लीत चिप असते, बऱ्याच गाड्यांत तिचा कोड बीसीएम वाचतो आणि मग ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कंट्रोल बॉक्सला, सांगतो की किल्ली बरोबर आहे. तू लावलेला बीसीएम दुसऱ्याच्या गाडीची किल्ली ओळखतो, म्हणून ईसीएम डिझेल सोडत नाही. दोन्ही बीसीएमवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतो का बघ, नुसती सेम गाडी असून चालत नाही, टॉप मॉडेलचा आणि साध्या मॉडेलचा वेगळा असू शकतो.

म्हापसा_किल्लीवाला
एवढं घाबरायचं कारण नाही. जुन्या बीसीएममधला डेटा वाचून दुसऱ्यात उतरवला की गाडीला कळतही नाही बदलल्याचं, आधीचीच किल्ली चालते. आरसी आणि दोन्ही बीसीएम घेऊन ये, हे काम मी करतो.

पर्वरीकर
उगाच उघडाउघडी करायला सांगू नका. शोरूममधून नवा घ्या, ते चेसिस नंबर टाकून किल्ली जोडून देतात. कोडिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर नवा बीसीएम पण जातो, बॅटरीला सपोर्ट देऊनच करावं लागतं ते काम.

म्हापसा_किल्लीवाला
सपोर्ट आम्हीही लावतो. नवा पार्ट यायला किती दिवस लागतात ते पण सांगा त्याला, त्याच्याकडे आठच आहेत.

कुंकळ्ळी_पात्रांव
मासळीची गाडी असेल तर बर्फाचं खारट पाणी वायरिंगमध्ये गेलं असणार. धंदा सुरू व्हायच्या आधी मागचा पत्रा गोड्या पाण्याने धुऊन अँटी-रस्ट मारून घ्या, आणि वासाला लिंबू आणि सोडा, त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

मालीम_व्हॅनवाला
मागे पार्टिशन आहे, पाणी पुढे येत नाही. वास नाही विचारला मी.

फोंड्याचा_वायरमन
भांडू नका, मला त्या आंब्याचं पडलंय. वायपरखालच्या जाळीत पानं कुजून बसली की पाणी जायची वाट बंद होते आणि ते डॅशच्या खाली उतरतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ, दहा मिनिटं थांब, तुझा मूळ बीसीएम परत लाव. लावण्याआधी प्लगच्या पिना बघ, हिरवट पूड दिसते का. ड्रायव्हरच्या बाजूला पायाजवळच्या पॅनेलमागे अर्थिंगचा बोल्ट असेल तोही सोडवून बघ. आणि बॅटरी काढलेलीच असताना ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतात तो) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मीटर लाव, ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आलं तर कॅनची लाइन, म्हणजे हे बॉक्स एकमेकांशी बोलतात ती वायर, कुठेतरी तुटलीय, मग दहा बीसीएम बदललेस तरी फरक पडणार नाही.

डिचोली_दत्ता
फ्यूज बघितले का कोणी?

पर्वरीकर
स्कॅनर न लावता बीसीएम गेला म्हणणाऱ्या मेकॅनिककडे परत जाऊ नका. कोड यू०१४० आला तर बीसीएमशी बोलणं तुटलंय एवढाच त्याचा अर्थ, बीसीएम मेला असा नाही. अर्थिंग नसलं तरी तोच कोड येतो.

मालीम_व्हॅनवाला
आज दुपारभर हेच केलं. मूळ बीसीएम लावला आणि गाडी पहिल्या सेल्फला स्टार्ट!! मीटर ६१ दाखवतो. जाळीतून बादलीभर कुजकी पानं निघाली, पायाखालचं मॅट उचललं तर खाली फोम पिळून पाणी. अर्थिंगचा बोल्ट हातात तुटून आला इतका गंजलेला, नवा घातला, पत्रा घासून चकचकीत केला. प्लगमध्ये हिरवं होतं, आयपीए (साफ करायचं अल्कोहोल) लावून ब्रशने साफ करून वाळवलं. वायपर आता बंद होतो, इंडिकेटर नीट. पण दाराचं लॉक अजून पडतं, आत्ताच किल्ली आत राहून लॉक झालं, मागचं दार उघडं होतं म्हणून वाचलो.

फोंड्याचा_वायरमन
किल्ली खिशातच ठेव आता. दाराच्या बिजागरीजवळ रबराच्या नळीतून वायर जातात त्या वाकून तुटतात, तिथे बघ. रात्री गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीच्या लाइनमध्ये मीटर लाव, ५० मिलिअँपच्या वर असेल तर अजून काहीतरी जागं आहे. फोम बाहेर काढून वाळव, नाहीतर परत तेच.

मालीम_व्हॅनवाला
या पावसात फोम वाळणार कुठे? आणि बेळगाववाला पार्ट परत घेत नाही म्हणतो, कोणाला हवा असेल तर सांगा, पार्ट नंबरचा फोटो टाकतो.

कुंकळ्ळी_पात्रांव
फोम चुलीच्या वर टांगा, आम्ही तसंच करतो. बंदी उठल्यावर इसवणाचा (सुरमईचा) भाव किती असेल हो पहिल्या आठवड्यात?