जोडाच्या स्ट्रेसला दोन मॉडेलं कशाला?

अनगोळकर: परवा इथं कुणीतरी ठोकून दिलं, ‘वेल्डचा स्ट्रेस (जोड गार झाल्यावर आत अडकून राहिलेला ताण) गणितानं काढायचा तर अख्ख्या फ्रेमचं तपशीलवार मॉडेल करा, नाहीतर कॉम्प्युटर बंद करा.’ दोन दिवस डोक्यातून जाईना. अहो, जोडाजवळ लोखंड वितळतंय, वीतभर लांब पत्रा कोमट. तिथं मेश (मॉडेलची जाळी) मिलिमीटरची लागतेच. तीच ट्रॉलीच्या चासीभर पसरली तर मशीन दिवसेंदिवस घुमत बसेल. त्यापेक्षा जोडाभोवतीच्या तुकड्याचंच तपशीलवार मॉडेल करा, त्यावर गोल्डाकचा उष्णतास्रोत (वेल्डिंगच्या उष्णतेचं सूत्र, १९८४चं, अजून चालतंय) फिरवा, उरलेला प्लास्टिक स्ट्रेन (गार झाल्यावरही न जाणारा आकारबदल) काढा आणि अख्ख्या चासीच्या शेलच्या, म्हणजे पातळ पत्रा धरलेल्या, साध्या मॉडेलवर टाका. चासी कुठं ओढणार ते कळतं.

उद्यमबागवाला: माझा फिटर आठवी पास. टॅक (कच्चे टाके) मारतानाच सांगतो कुठं ओढणार. वाकली तर गॅसनं तापवून सरळ.

खानापूरची: सरळ झाली म्हणून स्ट्रेस गेला होय काका? आमच्या चुलत्याची ट्रॉली अशीच ‘सरळ’ केलेली. ऐन गाळपात, ऊस भरलेला, हुकाजवळच्या जोडाला चीर. रात्रभर रस्त्यावर.

उद्यमबागवाला: आमच्या शेडची नव्हती ती! आणि तो फिटर आता गोव्यात. तीन पोरं शिकवली, तिन्ही गेली. त्याचं मॉडेल करा की.

खानापूरची: पगार कितीला अडकवला होता?

उद्यमबागवाला: बिलं चार-चार महिने अडकतात, ते कोण विचारत नाही. शेड चालवून बघा, मग बोला.

खानापूरची: माझा भाऊपण गेलाय गोव्याला. हौस नव्हती त्याला.

निपाणीकर: भांडण बाहेर घ्या. अनगोळकर, तुकड्याच्या कडा कशा धरल्या ते गाळलंत. कॉलेजच्या प्रोजेक्टात आम्ही चारी बाजू फिक्स केल्या. ई२५० पत्रा (२५० मेगापास्कलला कायमचा ताणू लागणारं पोलाद), जोडापासून लांबपर्यंत सगळं २५० मेगापास्कलला टेकलेलं. गाईड खूश. पत्र्याला भोक पाडून, ताण किती सुटला ते स्ट्रेन गेजनं मोजलं तर जोडाला लागून तेवढं, पुढं झपकन खाली. आणि तुमचं साधं मॉडेल वाक सांगतं, जोडातला स्ट्रेस नाही. शीर्षक मात्र स्ट्रेसचं.

अनगोळकर: बरं बाबा, खरंय. साध्या मॉडेलची हालचाल परत तुकड्याच्या कडेला लावावी लागते, आणि कड जोडापासून लांब कापावी लागते. घाईत राहिलं.

निपाणीकर: तेच तर मुख्य होतं.

उद्यमबागवाला: चला, मॉडेलनं सांगितलं डावीकडं ओढणार. क्लॅम्प मारायला माणूस कोण देतो?

खानापूरची: पगाराचा आकडा टाका, भावाला विचारते.