घरी पाठवलेला पेशंट डोक्यातून जात नाही. तुम्ही कसं ठरवता?

सत्तरीकरीण

नमस्कार. मी इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला आहे, पहिलं वर्ष, गोव्यात. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. गोवा केवढा ते तुम्हाला माहीत आहे, दुपारच्या चहापर्यंत मी कोण ते सगळ्यांना कळेल.

जुलैतली रात्र. पाऊस असा की पेशंट काय बोलतो ते ऐकायला वाकावं लागत होतं. पहाटे चारला आई चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पोटात दुखतंय, दोनदा वांती झाली. आदल्या दिवशी नात्यात बारसं होतं, तिथे जेवला होता. पोट मऊ, ताप नाही, नाडी-बीपी ठीक. पँटॉप, म्हणजे अ‍ॅसिडिटीचं औषध दिलं, उलटीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. आईला म्हटलं, संपलं की न्या घरी. कागदावर ‘अ‍ॅक्यूट गॅस्ट्रायटिस’, म्हणजे जठराची सूज, लिहिलं आणि स्कूटरवरून पडलेल्या दोन टुरिस्टांना टाके घालायला गेले.

साडेचारला सिस्टर सलाईन काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, “दोतोर, हो भुरगो दोळे उगडिना!” पोरगा डोळे उघडत नव्हता. मला वाटलं झोपेत असेल, वेळच ती. टॉर्च मारून वर बघ म्हटलं तर पापण्या अर्ध्यावर अडकलेल्या. मान उचल म्हटलं, उचलेना. तेव्हा कुठे आईला विचारलं, हा झोपतो कुठे? जमिनीवर, गोधडी टाकून.

मण्यार साप चावला होता. चाव्याची खूण आम्ही तिघांनी शोधली, शेवटपर्यंत सापडली नाही. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची टेस्ट नॉर्मल, अर्थात; मण्यारीचं विष नसांवर जातं, रक्तावर नाही. दहा व्हायल एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध. ती पावडर विरघळवताना जोरात हलवायची नाही, फेस होतो, हे पुस्तकात वाचलेलं; हात थरथरत असताना ते पाळणं वेगळं. सहापर्यंत श्वासनलिकेत नळी घालावी लागली. पाच दिवस व्हेंटिलेटरवर होता, मग चालत घरी गेला.

सगळे म्हणतात, वाचवलंस की. पण सिस्टरने पापण्या बघितल्या नसत्या तर तो माझ्या सहीने घरी गेला असता आणि गोधडीवरच संपला असता.

तेव्हापासून मी कुणालाच सोडत नाही. परवा सकाळी राउंडला सरांनी विचारलं, ऑब्झर्वेशनमध्ये अकरा जण का? उत्तर नव्हतं. ज्यांना सोडते त्यांना दुसऱ्या दिवशी फोन करते, कसं आहे म्हणून. एका आजोबांनी तर विचारलं, बाय, तुका आनीक काम ना?

आणि आमच्याकडे पेशंट सांगतात काय, तर ‘बरें दिसना’, बरं वाटत नाही. हँगओव्हरला बरें दिसना, डेंग्यूला बरें दिसना, हार्ट अटॅकलाही बरें दिसना. यातून घरी कुणाला पाठवायचं, हे तुम्ही कसं शिकलात?

पुणेरी जेआर टू

पहिल्या वर्षात हे सगळ्यांना होतं. मुलगा जिवंत आहे, हे धरून ठेव.

माझा नियम एकच: सोडण्याआधी सगळे व्हायटल्स, म्हणजे नाडी, बीपी, श्वास, ताप, परत, स्वतःच्या हाताने. नाडी ११० असलेला पेशंट कितीही ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी माझ्या दारातून बाहेर जात नाही. छातीत दुखत असेल तर एका नॉर्मल ईसीजीवर समाधान नाही, ट्रोपोनिनही, म्हणजे हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी, दोनदा. बाकी ते फोन करणं बंद कर, वेड लागेल.

आता घरीच

मी सिस्टर होते, २६ वर्षं, त्यातली जास्त कॅज्युअल्टीत. डॉक्टर, त्या सिस्टरला एक दिवस बसवून चहा पाजा, आणि विचारा तिला काय दिसलं. सांगेल ती. आम्हाला कुणी विचारत नाही म्हणून आम्ही सांगत नाही, एवढंच.

‘कसं वाटतं’ विचारू नका. रात्रीचा पेशंट ‘बरें’ म्हणणारच, त्याला सकाळच्या पहिल्या बसने घर गाठायचं असतं, म्हशीचं दूध काढायचं असतं. त्याला उठवा आणि बाथरूमपर्यंत चालवा. चालताना भिंत धरतो का, वाकून चालतो का, मध्ये थांबतो का, ते मागून बघा. मी निम्मे पेशंट असे परत बेडवर नेलेत.

आणि घरच्यांना विचारा, आत्ताच का आणलं? पोटात दुखतंय म्हणून कुणी भर पावसात पहाटे चारला पोर उचलून आणत नाही. त्या आईला काहीतरी दिसलं होतं, तिला सांगता आलं नसेल.

जुना कॅज्युअल्टीवाला

सत्तरीकरीण, मी या कामात आलो तेव्हा हा विषयच नव्हता. मेडिकल कौन्सिलने इमर्जन्सी मेडिसिनला वेगळी शाखा म्हणून मान्यता दिली ती २००९ मध्ये. त्याआधी कॅज्युअल्टीत बसायचा तो ज्याची पाळी असेल तो, बऱ्याचदा सगळ्यांत नवा. १०८ ची अँब्युलन्स गोव्यात २००८ ला आली. त्याआधी जीपच्या मागे घालून पेशंट आणायचे.

पुण्याच्या डॉक्टरांचा नियम चांगला आहे, मीही पाळतो. पण तुझा मुलगा त्यातून सुटलाच असता. चारला त्याची नाडी ठीक, बीपी ठीक. मण्यारीत सॅच्युरेशनही बराच वेळ ९८ दाखवतं, आणि पडायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. अशा पेशंटला एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते दर अर्ध्या तासाने लिहून ठेवायचं. पंचवीसवरून पंधरावर आला की नळीची तयारी.

माझं म्हणणं वेगळं आहे. तुझी चूक पोट तपासण्यात झाली नाही, ‘गॅस्ट्रायटिस’ लिहिण्यात झाली. तुला कारण कळलं नव्हतं, पण कागदावर रोगाचं नाव पडलं आणि ते तुझ्याच डोक्याला खरं वाटलं. तिथे ‘पोटदुखी, कारण कळलं नाही’ एवढंच लिहिलं असतंस तर टाके घालून झाल्यावर परत त्याच्याकडे गेली असतीस. मी आता तसंच लिहितो. ज्युनिअर हसतात. नातेवाईकांनाही तसंच सांगतो: नेमकं काय ते कळलेलं नाही, आत्ता धोका दिसत नाही, पण पापण्या जड झाल्या, दोन-दोन दिसलं, गिळायला त्रास झाला, तर वाटेतूनसुद्धा मागे फिरा. ‘गॅस आहे’ ऐकून गेलेला माणूस मागे फिरत नाही.

हे मला फुकट कळलेलं नाही. साठी ओलांडलेला एक बागायतदार, कमरेत कळ, लघवीत थोडं रक्त. मुतखडा लिहिलं, इंजेक्शन दिलं, कळ थांबली, पाठवला. महाधमनी, म्हणजे हृदयातून पोटात उतरणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगलेली होती. संध्याकाळी त्याचा मुलगा परत आला तो एकटाच, कागद मागायला. साठीनंतर पहिल्यांदाच मुतखडा म्हणून आलेल्या माणसाची महाधमनी बघितल्याशिवाय मी त्याला उठू देत नाही.

सापांचं थोडं, कारण चवथ जवळ आली. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, रानातली फळं-पानं, आणायला लोक रानात शिरतील आणि हातावर चापडा साप चावलेले येतील. आपलं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांचं. चापड्यावर त्याचा उपयोग नाही, उगाच रिअ‍ॅक्शन मात्र येते. आणि पोराला डोस कमी करायचा नसतो, साप वजन बघून विष टोचत नाही. तू दहा दिलेस ते बरोबर.

आणि अकरा जण ठेवणं हा उपाय नव्हे. अकरांमध्ये बारावा मण्यारीचा आला तर त्याच्या पापण्या बघायला सिस्टर मोकळी नसेल.

सत्तरीकरीण

सर, तुमचं वाचून मी तो केसपेपर काढून परत बघितला. अक्षर किती ठाम आहे माझं. सिस्टरताई, चहा पाजला. ती म्हणाली, पोर आईला उत्तर देताना हनुवटी वर करून बघत होता, पापणीखालून बघावं लागतं तसं. मी समोर उभी असताना.

काल रात्री एक मासेमार आला, जाळं सोडवताना पायाला पाकट लागलेली, आमच्याकडे वागळें म्हणतात. मोठा आडदांड माणूस, रडत होता. कँटीनमधून गरम पाणी आणलं, त्याला सोसवेल एवढं, पंचेचाळीस अंशांच्या आत. चांगला पाय आधी घालून बघायला लावला, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. तासाभरात कळ उतरली. काटा आत राहिलाय का ते एक्स-रेवर बघितलं, टिटॅनसचं दिलं, जखम टाके न घालता उघडीच ठेवली. मग कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालवला. तीनला सोडला. आज फोन केलेला नाही.

सर, एक विचारायचं राहिलं. रात्री आमच्याकडे सोनोग्राफी करायला रेडिओलॉजिस्ट नसतो. महाधमनी तुम्ही स्वतः बघता?

जुना कॅज्युअल्टीवाला

स्वतःच. सोनोग्राफीचा पोटाचा प्रोब आडवा धर, बेंबीच्या वर. आधी मणका शोध, चमकदार कमान आणि खाली काळी सावली. त्याच्या लगेच पुढे, पेशंटच्या डाव्या अंगाला, गोल धडधडते ती महाधमनी. उजवीकडची दाबल्यावर चपटी होते ती शीर, तिच्यात फसू नको. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोज, ३ सेंटिमीटरच्या वर गेली की सर्जनला उठव. मध्ये गॅस आला तर प्रोब उचलू नको, हळू दाबून धर, मिनिटभरात आतडं सरकतं. आधी बारीक माणसांवर वीस-पंचवीस वेळा करून हात बसव.